प्रभात फिल्म कंपनी : कारखाना, कुटुंब आणि भागीदारी

प्रस्तावना

गेली काही वर्षे पदवीच्या वर्गाला आधुनिक महाराष्ट्राचा सांस्कृतिक इतिहास शिकविताना मी ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा बोलपट विद्यार्थ्यांना दाखवीत आलो आहे. चित्रपट संपल्यावर एक प्रश्न विचारतो : याचा दिग्दर्शक कोण? निम्म्याहून अधिक विद्यार्थी व्ही. शांताराम यांचे नाव सांगतात. उत्तर चुकीचे आहे. दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांचे आहे. पण ही चूक केवळ विद्यार्थ्यांची नाही. चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या नामावलीतून सांगण्याची जी सवय आपल्या लेखनाला जडली आहे, तिच्यातून ती उद्भवते. एका संस्थेतून चांगला चित्रपट निघाला की त्या संस्थेतील सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या खात्यावर तो जमा होतो.

प्रभात फिल्म कंपनीचा विचार दिग्दर्शकाच्या बाजूने न करता संस्थेच्या बाजूने करावा, असा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. स्टुडिओ म्हणजे केवळ चित्रीकरणाची जागा नव्हे. एका आवारात राहणारे पगारदार कारागीर, त्यांची श्रमविभागणी, यंत्रसामग्री, रसायनशाळा, भांडवल आणि मालकीचा करार या सर्वांनी मिळून बनलेली ती उत्पादनसंस्था असते. प्रभातच्या बाबतीत मालक स्वतःच कारागीर होते, आणि कंपनीचे स्वरूप एकाच वेळी कारखान्याचे व कुटुंबाचे होते. तिचे सर्वोत्तम चित्रपट या रचनेतून निर्माण झाले. आणि कंपनी मोडली तीही बव्हंशी याच रचनेतील उणिवांमुळे, असे माझे प्रतिपादन आहे.

कोल्हापूरची परंपरा

प्रभातची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले होते. सीतारामपंत हे सराफीच्या व्यवसायातील गृहस्थ. भांडवलाची बाजू त्यांच्याकडे आली. हे पाच जण एकत्र का आले याची उत्तरे आठवणींच्या पुस्तकांत निरनिराळी मिळतात. येथे महत्त्वाचे आहे ते असे की, चौघांचेही शिक्षण एकाच गुरूच्या हाताखाली आणि एकाच पद्धतीने झाले होते.

ही पद्धत शाळेची नव्हती, कारखान्याची होती. बाबूराव मेस्त्री हे मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. आपले चुलतबंधू आनंदराव यांच्यासह चित्रपटाचा ध्यास घेऊन त्यांनी कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा खटाटोप आरंभिला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यावर तो त्यांनी दामले यांच्या साहाय्याने पूर्ण केला. ‘सैरंध्री’ (१९२०) हा त्यांचा मूकपट पुण्यात दाखविला गेला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात सावकाराने नागविलेल्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम यांनी केली होती. या कंपनीत येणारा मुलगा रंग कालविण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत पडेल ते काम करीत असे. अभिनय, सुतारकाम, छायालेखन ही निरनिराळी खाती आहेत, अशी जाणीव तेथे फारशी नव्हती.

शिकाऊ कारागिराने गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबावे आणि पुढे आपले स्वतंत्र दुकान थाटावे, ही रीत सुतार-सोनारांच्या व्यवसायात जुनीच आहे. १९२९ साली घडले ते याच रीतीने घडले असे म्हणता येईल. फरक एवढाच की या वेळी चार शिष्यांनी मिळून एकच दुकान थाटले. धायबरांकडे कॅमेरा, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, शांतारामबापूंकडे दिग्दर्शन. दामले यांनी बोलपटाच्या युगात ध्वनिलेखन आत्मसात केले; शिवाय स्टुडिओची एकंदर व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. केवळ पैसा घालून नफ्याची वाट पाहणारा मालक येथे जवळजवळ नव्हता. कंपनीचे धनी सकाळी कामगारांबरोबरच कामाला लागत.

‘गोपाळकृष्ण’ (१९२९) या मूकपटाने प्रारंभ झाला. पुढच्या दोन वर्षांत निघालेल्या मूकपटांपैकी ‘उदयकाल’ (१९३०) हा शिवचरित्रावरचा. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’; ‘स्वराज्य’ हा शब्द तत्कालीन परिनिरीक्षकांना रुचला नाही, म्हणून नाव बदलावे लागले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात प्रमुख भूमिकांत होते. आज पाहावयास उपलब्ध असलेला सर्वांत जुना मराठी बोलपट तोच.

एरंडवण्याचे आवार

१९३३ साली कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली. संस्थानी राजधानीपेक्षा पुणे मुंबईच्या बाजारपेठेला जवळ होते, आणि बोलपटाच्या काळात लागणारी वीज व इतर सोयी येथे सुलभ होत्या. त्या वेळी गावाबाहेर समजल्या जाणाऱ्या एरंडवण्यात मोठे चित्रीकरणगृह, रसायनशाळा, संकलनकक्ष, कपडेपट आणि सुतारशाळा उभ्या राहिल्या. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर दिसले की प्रेक्षक सावरून बसत, असे जुन्या पिढीतील मंडळींकडून आपण सर्वांनीच ऐकले आहे.

स्थलांतराच्या वर्षीच कंपनीने एक मोठी ठेच खाल्ली. ‘सैरंध्री’ हा विषय पुन्हा घेऊन तो रंगीत करण्याचे तिने ठरविले होते. फिल्मवरील पुढील प्रक्रियेसाठी शांतारामबापू जर्मनीस गेले. पण रंग समाधानकारक उतरले नाहीत आणि चित्रपटही चालला नाही. प्रवास मात्र वाया गेला नाही. जर्मन स्टुडिओंतील प्रकाशयोजना आणि उपकरणे त्यांनी पाहिली. ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटात राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर निकटदृश्य आले, ते दूरचित्रणाच्या भिंगाने टिपलेले आहे. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन व मराठीत केशवराव दाते यांनी राजगुरू साकारला. बळी देण्याच्या प्रथेविरुद्धचा हा चित्रपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला. एका चित्रपटाने खाल्लेली ठेच दुसऱ्याने भरून काढली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वर्षाला अनेक चित्रपट काढणाऱ्या आणि कारागिरांना कायम पगारावर ठेवणाऱ्या संस्थेलाच असे प्रयोग परवडू शकतात. प्रत्येक चित्रपटासाठी नव्याने पैसा व माणसे जमविणाऱ्या निर्मात्याला एक ‘सैरंध्री’ पुरेशी होते.

मराठी-हिंदी जोडआवृत्त्यांचे अर्थशास्त्रही याच रचनेशी निगडित होते. नेपथ्य, कपडे, प्रकाशयोजना तीच. मराठीचे दृश्य आटोपले की त्याच जागी हिंदीचे दृश्य घ्यावयाचे, पात्रे मात्र गरजेनुसार बदलायची. मराठी प्रेक्षकवर्गाच्या बळावर न झेपणारा खर्च हिंदीच्या उत्पन्नातून भागे. मात्र कंपनीचा सर्वांत गाजलेला चित्रपट मूळात केवळ मराठीतच निघाला होता. हा अपवाद बारकाईने पाहिला पाहिजे.

‘संत तुकाराम’ : कर्ता कोण?

दामले आणि फत्तेलाल हे कंपनीत तंत्रज्ञ म्हणून ओळखले जात. कॅमेरा, ध्वनी, नेपथ्य हे त्यांचे प्रांत. दिग्दर्शक म्हणून या दोघांनी एकत्रितपणे ‘संत तुकाराम’ हाती घेतला तेव्हा शांतारामबापूंची कीर्ती ‘अमृतमंथन’ व ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटांनी आधीच पसरलेली होती. ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत प्रत्यक्ष बालगंधर्व होते. तुकोबांसाठी निवडले गेले विष्णुपंत पागनीस. नाटकमंडळीत स्त्रीभूमिका केलेले, भजनात रमणारे गायकनट. आवलीच्या, म्हणजे जिजाईच्या भूमिकेत गौरी या कंपनीतीलच दुय्यम भूमिका करणाऱ्या स्त्रीला उभे केले गेले. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे.

या चित्रपटात तारांकित असे कोणी नाही. त्याचे बळ आहे ते घराच्या अंगणात, म्हशीच्या गोठ्यात, आवलीच्या तोंडाळ प्रेमात आणि माणसांच्या चालण्याबोलण्याच्या लयीत. विठ्ठलावर चिडलेली आवली देवळात जाऊन प्रत्यक्ष देवाला जाब विचारते, तेव्हा भक्तिपटाचा ठराविक साचा मोडतो. संसार करणाऱ्या बाईचा हिशेब संताच्या वैराग्याइतकाच खरा ठरतो. वैकुंठगमनाचे दृश्य हे त्या काळच्या युक्तिचित्रणाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते. मला स्वतःला मात्र त्याच्या आधीचे घरगुती प्रसंग अधिक मोलाचे वाटतात. चमत्कार त्या काळी पुष्कळ चित्रपटांत होते. असे घर क्वचितच होते.

गीतकार शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद प्रेक्षकांना तुकोबांचाच अभंग वाटले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तिच्याकडे गमतीचा किस्सा म्हणून पाहिले जाते. मला ती प्रभातच्या कार्यपद्धतीची खूण वाटते. लेखकाने आपली मुद्रा पुसून टाकून मूळ परंपरेत मिसळून जावे, हे शिस्तबद्ध कारागिरीचे लक्षण होय. फत्तेलाल यांनी उभी केलेली देहूची वस्ती, दामले यांच्या देखरेखीखाली उतरलेला आवाज, भोळ्यांच्या चाली आणि आठवल्यांचे शब्द यांतील कोणतीही एक गोष्ट ‘ही माझी’ असे ओरडत नाही. फत्तेलाल हे धर्माने मुसलमान. वारकरी संताच्या चरित्राचे आजवरचे सर्वांत विश्वसनीय दृश्यरूप त्यांच्या हातून घडले, याचे त्या कंपनीत कोणाला विशेष वाटले नसावे. तो त्यांच्या कामाचा भाग होता.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट एक वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला विशेष उल्लेखाचा मान मिळाला. त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र मी वर्गात अजूनही मोकळाच ठेवतो. दामले-फत्तेलाल हे उत्तर परीक्षेसाठी बरोबर आहे.

यावरून शांतारामबापूंचे श्रेय उणे करण्याचा हेतू नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून त्यांनी केलेला ‘कुंकू’ (१९३७) हा जरठ-बाला विवाहाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या मुलीचा चित्रपट आजही ताजा वाटतो. त्यात पार्श्वसंगीत नाही. जो आवाज येतो तो दृश्यात असलेल्या वस्तूंचाच. घड्याळाची टिकटिक ही म्हाताऱ्या काकासाहेबांच्या उरलेल्या आयुष्याची मोजणी होते. ध्वनीचा असा उपयोग करण्याचे धाडस दिग्दर्शकाचे. पण ध्वनिलेखनाचे खाते पक्के नसते, तर ते धाडस अंगलट आले असते. ‘माणूस’ (१९३९) मधील रात्रीचे रस्ते, वेश्यावस्ती, पोलिसचौकी हे सारे एरंडवण्याच्या आवारात फत्तेलाल यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. ‘शेजारी’ (१९४१) मध्ये हिंदू व मुसलमान अशा दोन म्हाताऱ्या मित्रांची कथा विश्राम बेडेकरांनी लिहिली. मराठीत केशवराव दाते व गजानन जागीरदार. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले जागीरदार. लाहोरच्या ठरावाला जेमतेम एक वर्ष झाले असताना ही निवड केली गेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फाटकाबाहेरचा बाक

कुटुंब या रूपकाची दुसरी बाजू १९३९ साली उघड झाली. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे यांचा कंपनीशी कराराबाबत वाद झाला आणि त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. वृत्तपत्रांनी प्रकरण उचलून धरले. पडद्यावर अन्यायाला ‘नाही’ म्हणणारी मुलगी प्रत्यक्षात त्याच स्टुडिओच्या दारात ‘नाही’ म्हणत बसली होती. यातील विरोधाभास प्रेक्षकांच्या ध्यानी आला नसेल असे संभवत नाही. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नटनटींच्या श्रमांचा आणि भांडवलाचा संबंध एका मराठी अभिनेत्रीने इतक्या रोखठोकपणे मांडल्याचे त्यापूर्वीचे उदाहरण मला आढळलेले नाही.

या वादात कायद्याने बरोबर कोण होते, हा आपला मुद्दा नाही. मुद्दा असा की, घरगुती वळणाच्या संस्थेत तक्रार करण्याची जागा कोठे असते? कुटुंबात वडीलधारे म्हणतील ते प्रमाण. मालकांनीच घाम गाळलेला असतो, त्यामुळे ‘आम्हीही तुमच्यासारखेच राबतो’ असे ते प्रामाणिकपणे म्हणू शकतात. आणि पगारदाराचा प्रश्न तेथेच संपतो. पण राबणे समान असले तरी मालकी समान नव्हती. ‘कुंकू’च्या उत्पन्नात भागीदारांचा वाटा होता, नायिकेचा नव्हता. एका प्रसिद्ध नटीला निदान फाटकाबाहेर बसून दाद मागता आली. सुतार, रंगारी, दिवे धरणारी मुले यांना तेवढेही साध्य नव्हते. प्रभातविषयीचे आपले ज्ञान शांतारामबापूंचे ‘शांतारामा’, आठवल्यांचे ‘प्रभातकाल’, बेडेकरांचे ‘एक झाड आणि दोन पक्षी’, दुर्गा खोट्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ अशा पुस्तकांवर मोठ्या प्रमाणात उभे आहे. ही पुस्तके लिहिणारे मालक, लेखक आणि कलावंत होते. सुतारशाळेतील माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. ज्या संस्थेचे वैशिष्ट्यच कारागिरी हे होते, तिच्या इतिहासातून कारागीर गळावेत, ही आपल्या लेखनातील मोठी उणीव आहे.

भागीदारी फुटते

पहिले बाहेर पडले ते केशवराव धायबर. ‘राजपूत रमणी’ (१९३६) नंतर त्यांचा प्रभातशी संबंध सुटला. शांतारामबापू १९४२ साली बाहेर पडले आणि मुंबईत परळ येथे वाडिया मूव्हीटोनच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. तेथील पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३). त्याचे संगीतकार वसंत देसाई हे प्रभातमध्येच पडेल ते काम करीत घडलेले. दामले १९४५ मध्ये निवर्तले. भागीदार दूर होण्यामागे खासगी कारणेही होती. आठवणींच्या पुस्तकांत त्यांची चर्चा भरपूर आहे. कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा असे मला वाटते. खासगी कारणे प्रत्येक संस्थेत असतात. ती संस्थेला का पेलवली नाहीत, हे पाहावयाचे.

भागीदारी हा व्यवसायाचा विश्वासावर उभा असलेला प्रकार आहे. कर्जाची जबाबदारी प्रत्येक भागीदाराच्या व्यक्तिगत मालमत्तेपर्यंत पोहोचते. शेअर विकून नवे भांडवल उभारता येत नाही. एखादा भागीदार निघाला की त्याचा हिस्सा मोकळा करावा लागतो आणि तो पैसा चालू धंद्यातूनच काढावा लागतो. शिवाय येथे भागीदार गेला म्हणजे केवळ पैसा जात नव्हता, एक खातेही जात होते. धायबर गेले तेव्हा कॅमेऱ्याचे, शांतारामबापू गेले तेव्हा दिग्दर्शनाचे, दामले गेले तेव्हा ध्वनीचे आणि व्यवस्थेचे. मालक व कारागीर एकच असल्याने जे सामर्थ्य लाभले होते, त्याचीच ही किंमत होती. वितरणाच्या व्यवसायातील बाबूराव पै पुढे मालकीत आले. पण ते कोल्हापूरच्या त्या कारखान्यातील नव्हते.

मात्र केवळ भागीदारीला दोष देऊन चालणार नाही, हे शेजारच्या दोन उदाहरणांवरून दिसते. मुंबईची बॉम्बे टॉकीज (१९३४) ही रीतसर मर्यादित कंपनी होती, भागधारकांची आणि संचालक मंडळाची. १९४० साली हिमांशु राय यांचे निधन झाल्यावर तिच्यातही तट पडले. ‘किस्मत’सारखे (१९४३) प्रचंड यश पदरात असताना शशधर मुखर्जी व त्यांचे सहकारी बाहेर पडून फिल्मिस्तान स्थापन झाली, आणि १९५४ च्या सुमारास मूळ कंपनी बंद पडली. कलकत्त्याची न्यू थिएटर्स (१९३१) ही बी. एन. सरकार यांच्या एकहाती मालकीची. तिचेही दिवस पन्नाशीच्या दशकात संपले. तीन प्रकारची मालकी, तीन ठिकाणे आणि जवळपास एकच शेवट. यामागे युद्धकाळ होता. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले आणि चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा पडली. युद्धातील नफेखोरीचा पैसा चित्रपटांत शिरला. एका चित्रपटापुरता निर्माता होऊ पाहणाऱ्याने नटाला एकदम मोठी रक्कम देऊ केली, तर महिन्याच्या पगारावर नट कशाला थांबेल? कायम पगारदारांचा ताफा हे स्टुडिओचे भूषण होते, तेच आता ओझे झाले.

तरी प्रभात इतरांच्या मानाने लवकर खचली, आणि त्याचे कारण तिच्या घडणीत आहे, या मतावर मी कायम आहे. बॉम्बे टॉकीजमधून माणसे गेली तरी समभाग राहिले, ते हातोहात फिरले. प्रभातमध्ये माणूस हाच समभाग होता.

शांतारामबापू गेल्यानंतर कंपनीची निर्मितीक्षमता लगेच संपली, असेही नाही. त्यांचे साहाय्यक राजा नेने यांनी ‘दहा वाजता’ (१९४२) दिग्दर्शित केला. ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात जागीरदार, नेने आणि बेडेकर असे तिघे जण गुंतले होते. तरीही तो एकसंध वाटतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या न्यायाधीशाचा हा चित्रपट म्हणजे कारखान्याच्या जुन्या शिस्तीचा अखेरचा मोठा पुरावा होय. पुढे ‘लाखाराणी’ (१९४५) च्या वेळी गुरुदत्त नावाचा तरुण येथे साहाय्यक होता, आणि ‘हम एक हैं’ (१९४६) मधून देव आनंद प्रथम पडद्यावर आले. दोघांची मैत्री येथलीच. पण त्यांच्या दृष्टीने प्रभात ही मुंबईच्या वाटेवरची धर्मशाळा ठरली. दामले-फत्तेलाल यांच्या पिढीप्रमाणे येथे मुक्काम करायला ते आले नव्हते. अनंत माने आणि दत्ता धर्माधिकारी हे प्रभातच्या हाताखालून गेलेले तरुण पुढे मराठी चित्रपटाचे आघाडीचे दिग्दर्शक झाले. माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. कारखाना मोडला, पण शिकाऊ कारागिरांनी दुकाने थाटण्याची रीत चालू राहिली. फक्त एका छपराखाली पुन्हा कोणी आले नाही.

आवाराचे पुढे काय झाले

पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी एरंडवण्यातील निर्मिती थांबली आणि मालमत्ता विकली गेली. अशा जागांचे साधारणतः काय होते हे आपण पाहिले आहे. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१७ साली आगीत होरपळला आणि २०१९ साली एका गृहनिर्माण कंपनीकडे गेला. प्रभातची जागा या गतीला गेली नाही, कारण ती केंद्र सरकारने घेतली. १९६० साली तेथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ साली दूरदर्शनच्या प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून तेथे आला आणि संस्थेच्या नावात चित्रपटाच्या जोडीला दूरचित्रवाणीही आली. जेथे मुले काम करता करता शिकत होती, तेथे आता दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन हे स्वतंत्र अभ्यासक्रम झाले. प्रभातचे जुने चित्रीकरणगृह विद्यार्थी वापरत राहिले.

चित्रपटांचे भवितव्य इतके सरळ नव्हते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट जवळजवळ सर्व नष्ट झाले आहेत. ‘सावकारी पाश’ आपण आता केवळ वर्णनांतून आणि छायाचित्रांतून जाणतो. बाबूरावांनी तो १९३६ साली पुन्हा बोलपटरूपाने केला, हा वेगळा भाग. प्रभातच्या बोलपटांचे बरे भाग्य असे की दामले कुटुंबीयांनी ते पुढे पुन्हा मिळविले आणि सांभाळले. जानेवारी २००३ मध्ये याच आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती जळाल्या. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, हे दामले-फत्तेलाल यांच्या पिढीला पक्के ठाऊक होते. रसायनशाळा चालविणाऱ्यांचा तो रोजचा अनुभव होता. दामले ध्वनीइतकेच रसायनांच्या कामातही जातीने लक्ष घालीत असत, याची आठवण अशा वेळी होते.

कंपनीच्या नावाने पुण्यात ओळखले जाणारे चित्रगृह ‘प्रभात टॉकीज’ डिसेंबर २०१४ मध्ये त्या नावाने शेवटचे चालले. किबे घराण्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेली ती वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि पुन्हा ‘किबे लक्ष्मी’ झाली. भागीदारांपैकी फत्तेलाल कंपनी बंद पडल्यानंतरही काम करीत राहिले. ‘जगद्गुरू शंकराचार्य’ (१९५५) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्यांचे निधन १९६४ साली झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पुण्यात स्थापना झाली तीही त्याच वर्षी.